शेवटची उभी बाग

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मामांचा फोन आला. "कोल्ह्यानं बाग धरलीय. रविवारी ये, आणि येताना मिरजेतनं सुतळी बॉम्बची पाकिटं घेऊन ये." मी ठिबकच्या कामानं फिरतीवर असतो, द्राक्षबागा रोजच्या बघण्यातल्या. पण घरच्या बागेकडं आपण पाहुण्यासारखं बघतो, चहा पिऊन परत येतो. या वेळी वही घेऊन गेलो आणि तोडणी होईपर्यंत जमेल तसा जात राहिलो. त्या वहीतलं हे प्रकरण.

बाग सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्याच्या पूर्व भागात, सावळजकडं. दोन एकर, वाण तास-ए-गणेश, लागवड नऊ बाय पाच फुटांवर, म्हणजे एकरी साधारण ९६८ झाडं, मांडणी वाय पद्धतीची, म्हणजे इंग्रजी Y च्या आकाराच्या आधारावर. एका अंगाला ओढा, त्याच्या काठानं बाभळी, बोरी आणि एक जुना उंबर. दुसऱ्या अंगाला भावकीचा ऊस. उरलेल्या दोन बाजूंना शेजाऱ्यांच्या बागा. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचं पाणी जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात फिरायच्या आधी या शिवारात उसाचं कांडं दिसत नव्हतं. पाणी आलं, ऊस आला, आणि उसात दिवसभर झोपून रात्री बाहेर पडणारी मंडळीही आली.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. शेजाऱ्यांनी फळ छाटणी सप्टेंबरच्या शेवटी आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात उरकली होती. मामांनी परतीच्या पावसाची आणि डाऊनी या बुरशीजन्य रोगाची धास्ती घेऊन ती २५ ऑक्टोबरला केली. निर्णय चुकला असं मी म्हणणार नाही. फुलोरा कोरड्या हवेत निघाला, फवारण्या वाचल्या, घड भरले. पण बाग आजूबाजूच्या बागांपेक्षा तीन आठवडे मागं राहिली. हे मागं राहणं कुणाच्या हिशेबात नव्हतं.

पहिल्या रविवारी मामांनी पुरावा दाखवला: ओढ्याकडच्या ओळीत देठाचा नुसता सांगाडा राहिलेले घड, खाली मऊ मातीत पायांचे ठसे, बांधावर बोराच्या बिया आणि द्राक्षाच्या साली असलेली विष्ठा. कोल्हा होता यात शंका नव्हती. फक्त तो किती होता, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. गोष्टीतला कोल्हा उड्या मारून दमतो. खरा कोल्हा तार ढिली पडून घड गुडघ्याला आलेत तिथंच येतो, खालून सुबकपणे खातो आणि जातो. त्या ओळीत असे सांगाडे मला मिळाले अकरा. तारा ताणायच्या राहून गेलेल्या एका टप्प्यात, सगळे तीन फुटांच्या खाली.

मग वर बघत निघालो. नुकसान वरच होतं. मणी अर्धा फोडलेला, साल लोंबतेय, रस खालच्या मण्यांवर उतरलाय, त्यावर मधमाशा आणि गांधीलमाश्या. हे चोचीचं काम. पाखरू घड संपवत नाही, या घडातला एक, त्या घडातले दोन असे गोड मणी निवडतं. त्यामुळं खाल्लेला माल थोडा आणि बिघडलेला माल भरपूर. फुटलेला एक मणी दोन दिवसांत शेजारच्या चारांना आंबवतो. पेटीत असा मणी गेला तर पेटी गेली, म्हणून व्यापारी अख्खा घड बाजूला टाकायला लावतो.

तिसरी खूण मला आधी कळलीच नाही. उंबराखाली आणि उसाकडच्या विजेच्या खांबाखाली चावून थुंकलेल्या चोथ्याच्या सुकलेल्या गोळ्या पडल्या होत्या. वटवाघूळ फळ तोडून दुसरीकडं नेतं, रस पिळून घेतं आणि चोथा टाकतं. बागेत त्याची खूण फार राहत नाही, मणी नुसते गायब होतात. त्या रात्री साडेआठला बॅटरी न लावता ओळीच्या टोकाला बसलो तेव्हा पंखांचा आवाज ऐकू आला. मामा म्हणाले, "मला वाटायचं वारं हाय."

हिशेब लावायचा म्हणून एक साधी मोजणी केली. ओढ्याकडच्या कडेच्या ओळीतली २० झाडं, प्रत्येकाचे १० घड, असे २०० घड. आणि बागेच्या मधल्या ओळीतले तेवढेच. कडेला ४३ घडांना चोच लागली होती, मध्ये ७ घडांना. कोल्ह्याचे अकरा घड आणि चोचीचे एवढे घड शेजारी शेजारी लिहिले तेव्हा सुतळी बॉम्बचा विषय आपोआप मागं पडला. पाकिटं आणली होती, ती तशीच कपाटात राहिली. भाच्यानं पैसे वाया घालवले हे मामींनी दोनदा ऐकवलं.

चोर कोण हे ठरल्यावर प्रश्न आला तो वेळेचा. मामांनी राखणीला गडी ठेवला होता. डबे वाजवायचा, आरोळ्या द्यायचा, गोफणही बरी चालवायचा. तरी नुकसान वाढतच होतं. मामी पहाटे धारेला मळ्यात येतात. त्या एवढंच म्हणाल्या, "पाखरं उजाडता उजाडता येत्यात, आन् ह्यो बाबा नवाला येतोय." मी दोन दिवस बसून बघितलं. साडेसहाला उजाडलं की साळुंक्या आणि बुलबुल ओढ्याकडनं आत शिरत. आठच्या सुमाराला पोपटांचा थवा येई, त्यांची नासधूस सगळ्यात वाईट, खातात कमी आणि पाडतात जास्त. दहानंतर ऊन चढलं की सगळे उंबरावर आणि बाभळीत गप. गडी नेमका त्या वेळी जोरात ओरडत असायचा. साडेचारनंतर पुन्हा जोर, आणि पाचला गड्याची सुट्टी. म्हणजे राखणीची मजुरी पाखरांच्या विश्रांतीच्या तासांना चालली होती. वेळ बदलली, सकाळी सहा ते दहा आणि दुपारी चार ते अंधार. मजुरी तेवढीच. गडी दोन दिवस कुरकुरला, मग दुपारची झोप त्यालाही मानवली.

या सगळ्या प्रकरणात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी पडलेला बदल कोणता असं विचाराल तर हाच. यात माझं श्रेय काही नाही.

बाकीचे उपाय एकेक करून झाले. लाल-चंदेरी चमकती फीत पीळ देऊन खांबांना ताणली. ती वाऱ्यावर फडफडते, घुमते, उन्हात लखलखते. चार दिवस पाखरं थबकली, पाचव्या दिवशी एक बुलबुल फितीवर बसून शेपूट हलवत होता. जागा बदलून, उंची बदलून लावली की आणखी दोन-तीन दिवस मिळायचे. बुजगावण्याचंही तेच. पाखरांना भीती नव्या गोष्टीची वाटते, वस्तूची नव्हे. म्हणून हे उपाय चव लागण्याआधी करायचे असतात. मण्यात पाणी फिरून शुगर, म्हणजे रसातली साखर (ती टक्क्यांत मोजतात), चढायला लागली की पहिली चोच पडते. ती पडायच्या आधी फीत लागली तर थवा दुसरी बाग शोधतो. आम्ही लावली तेव्हा शुगर १६ होती आणि पाखरांना बागेची वाट पाठ झाली होती.

वटवाघळांसाठी मामांनी चार कोपऱ्यांत मोठे दिवे लावले. किडे आले, किड्यांमागं पाली आल्या, वटवाघळं मधल्या ओळीत गेली.

कुणीतरी प्लॅस्टिकच्या पाइपात कार्बाइड भरून उडवायची बंदूक आणून दिली. एकदा वाजवली, ऊसतोडीच्या टोळीतली पोरं बघायला धावत आली, एकानं पाइपात वाकून बघितलं. त्याच क्षणी ती बंदूक परत पाठवली. ती उशिरा पेटते आणि पेटते तेव्हा तोंडावर पेटते. द्राक्षाच्या घडापायी कुणाच्या लेकराचा डोळा घालवायचा नसतो.

पारावर आणखी एक सल्ला मिळाला, तो इथं लिहितो कारण दर हंगामात कुठं ना कुठं तो दिला जातो: कडेच्या चार घडांना थिमेट चोळून ठेव. थिमेट म्हणजे फोरेट हे जहाल कीटकनाशक. त्याच्यावर देशात २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे, तरी जुना माल कुणाच्या तरी गोठ्यात निघतोच. ज्या घडाला ते लागेल तो घड तोडणीच्या गडबडीत पेटीत जाणार नाही याची हमी कोण देणार? शिवाय ओढ्याला मोर येतात. मोर मेला तर वन विभागाचा गुन्हा थेट वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला. वटवाघळांबद्दलही लोकांच्या डोक्यात जुनाच कायदा आहे. १९७२ च्या त्या कायद्यात फळखाऊ वटवाघळं उपद्रवी म्हणून पाचव्या अनुसूचीत होती, हे खरं. पण २०२२ च्या दुरुस्तीनं ती अनुसूचीच काढून टाकली. मामांना कायद्यापेक्षा दुसरी गोष्ट पटली. या उंबराचं बी शिवारभर नेतं कोण, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

वटवाघळाच्या उष्ट्याबद्दल मात्र मी हट्ट धरला. सोलवटलेले, दात लागलेले मणी मामी बाजूला काढून घरी खायला ठेवायच्या, "एवढं काय टाकायचं" म्हणून. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं २०२० मध्ये शेजारच्याच सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले होते आणि त्यांत निपाह विषाणूच्या खुणा मिळाल्या होत्या. त्यावरून आपल्याकडं रोग आला असं होत नाही. पण उष्टं फळ खाऊ नये एवढं त्यातनं कळतं. तो माल खड्ड्यात गाडला. बेदाण्यालाही घेतला नाही.

शेवटी विषय जाळीवर आला. इथं एक चूक झाली आणि ती माझ्या डोळ्यादेखत झाली, म्हणून सविस्तर सांगतो. पाखरांची जाळी एकरी चांगलाच खर्च मागते. मामांनी कुठूनतरी मासेमारीची जुनी जाळी वजनावर आणली. बारीक, पारदर्शक नायलॉनची. ओढ्याकडच्या बाजूनं पडद्यासारखी सोडली, खालचं टोक जमिनीवर लोळत. दुसऱ्या सकाळी तिच्यात एक धामण गुंडाळलेली. ती सोडवताना कळलं की अशी जाळी दिसत नाही, म्हणून जनावर अडकतं. आणि सैल असते, म्हणून अडकलेलं जनावर आणखी गुंतत जातं. कात्रीनं एकेक धागा कापून धामण सुटली. तिसऱ्या दिवशी घुबड मिळालं, गव्हाणी घुबड, पांढऱ्या तोंडाचं. ते नाही वाचलं. जे पाखरू रात्रभर आपल्या ठिबकच्या नळ्या कुरतडणारे उंदीर खात होतं, ते आम्ही मारलं. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. संध्याकाळी स्वतःच जाळी गोळा केली.

नंतर आणली ती जाडसर धाग्याची, पांढरी, साधारण पाऊण इंची डोळ्याची. दिसते, ताणली की ताठ राहते. खांबांना तार बांधून तिच्यावर ती कसली आणि खालचं टोक जमिनीपासून वीतभर वर ठेवून बांबूनं दाबलं, म्हणजे साप-सरडे खालनं निघून जातात. पूर्ण दोन एकर झाकायचे पैसे नव्हते. पूर्ण बागेवर जाळी हाच पक्का उपाय आहे, यात वाद नाही. वाय पद्धतीत ओळींच्या मध्ये वरून आभाळ उघडं असतं, त्यामुळं बाजूचा पडदा लावूनही पाखरू वरून येणारच. मांडवावरची बाग असती तर पानांच्या छताखाली घड असल्यानं बाजूचा पडदा बराच जास्त कामाला आला असता. आमच्या मोजणीनं एवढं सांगितलं होतं की मार कडेवर आहे. म्हणून ओढ्याच्या आणि उसाच्या बाजूच्या चार-चार ओळी वरूनसुद्धा झाकल्या, बाकी उघड्या ठेवल्या.

आत कागदानं मदत केली. सकाळच्या थंडीनं आणि दुपारच्या उन्हानं मणी गुलाबी पडू नये म्हणून डिसेंबर-जानेवारीत घडांना पेपर लावतात. मामांनी मजूर न मिळाल्यानं अर्ध्याच बागेला लावला होता. दुसऱ्या मोजणीत दिसलं की कागदातल्या घडांना चोच फारच कमी लागलीय. पाखराला घड दिसतच नाही. पोपट मात्र कागद फाडतो, त्याला काही पडलेली नसते.

आता त्या मागं राहण्याकडं येतो. २० फेब्रुवारीपर्यंत दोन्ही शेजाऱ्यांचा माल निघाला. त्याच आठवड्यात वरच्या माळावरचा शाळू काढणीला येऊन खळ्यात गेला. शाळवावर भोरड्यांचे थवे होते. या मध्य आशियाकडून हिवाळ्याला आपल्याकडं येणाऱ्या गुलाबी अंगाच्या मैना, शेकड्यानं उतरणाऱ्या. शाळू गेला, शेजारच्या बागा रिकाम्या झाल्या, आणि शिवारात गोड, रसाळ असं उभं राहिलं फक्त मामांचं रान. २२ तारखेच्या सकाळी बाभळींवर थवा उतरला तेव्हा झाडं काळी दिसत होती. आतापर्यंत आमचे चोर ओढ्यापुरते होते. आता सगळ्या शिवाराचे चोर आमच्याकडं आले होते.

मामांनी व्यापाऱ्याला फोन लावला. शुगर १८ झाली होती, सौदा चार किलोच्या पेटीवर ठरून इसार आलेला. पण व्यापारी "आज येतो, परवा येतो" करत होता. दर उतरत होता आणि त्याला तो आणखी उतरायला हवा होता. हे कुणाही बागायतदाराला नवं नाही. पण यात पाखरांचा हिशेब कुणी धरत नाही. तयार माल झाडावर एक दिवस जास्त थांबला की तो दिवस राखणीचा, आणि नुकसान मात्र शेतकऱ्याचं. सौद्याच्या चिठ्ठीत तारीख नसते. मामांनी त्या संध्याकाळी वहीवर हिशेब मांडला आणि ठरवलं की कागद नसलेली अर्धी बाग व्यापाऱ्याची वाट न बघता बेदाण्याला काढायची.

बेदाण्याला शुगर २२ च्या वर असेल तर उतारा बरा मिळतो, साधारण चार किलो द्राक्षाला एक किलो. शुगर १९ असताना काढली तर उतारा पडतो. मी तेच म्हणालो. मामांचं उत्तर असं: "बावीसची वाट बघत बसलो तर उतारा पाखरांच्या पोटात पडंल." मला अजूनही वाटतं की आणखी चार दिवस थांबता आलं असतं. मामांना वाटत नाही. दोघांकडंही पुरावा नाही.

२४ आणि २५ ला टोळी लावली. बायकांनी घड तोडतानाच कात्रीनं फुटके मणी काढले. हे काम वेळ खातं, पण फुटका मणी रॅकवर सुकला की काळा, चिकट होतो आणि जातवारीत सगळ्या मालाचा रंग पाडतो. मणी लवकर सुकावेत म्हणून घड डिपिंगच्या द्रावणात बुडवून शेडमध्ये रॅकवर पसरले. शेडच्या बाजूंना शेडनेट होतं, पण पश्चिमेचा एक तुकडा वाऱ्यानं फाटलेला. खारी तिथनंच आल्या. बागेत राखण करून दमलेली माणसं शेडला निर्धास्त असतात, आणि पंधरा-वीस दिवस माल तिथं उघडाच असतो. तुकडा शिवायला वीस मिनिटं लागली. आठ दिवस कुणी शिवला नव्हता.

उरलेल्या कागदातल्या बागेवर सगळी जाळी हलवली. आता झाकायचं क्षेत्र निम्मं होतं, त्यामुळं जवळजवळ पूर्ण झाकलं गेलं. राखणीला मामा स्वतः, गडी आणि सुट्टी असेल तेव्हा मी. भोरड्या येत, जाळीवर चक्कर मारत, बाभळीवर बसत. एक शिक्रा त्या बाभळीवर रोज नवाच्या सुमाराला यायचा आणि तो आला की थवा उठायचा. मामांनी मागच्या वर्षी ती बाभळ तोडायची ठरवली होती, सावली पडते म्हणून. तो विषय आता निघत नाही.

व्यापारी ४ मार्चला आला. माल बघून दर आणखी पाडायला त्याला चोचीचे घड हवे होते. झाकलेल्या ओळींत ते शोधायला त्याला बराच वेळ लागला. पेट्या भरल्या. शेवटच्या मोजणीत जाळीखालच्या २०० घडांत चोच लागलेले ९ होते. उघड्यावर राहिलेली एकच ओळ होती, जाळी कमी पडली म्हणून सुटलेली. तिच्यात मोजण्यासारखं काही राहिलं नव्हतं. कोल्हा त्या ओळीखाली पडलेले मणी वेचायला शेवटपर्यंत येत होता. त्याला कुणी काही केलं नाही.

नुकसानभरपाईचं विचारणारे बरेच भेटले. रानडुक्कर, हरिण, रोही, गवा यांनी पीक खाल्लं तर वन विभागाकडं अर्ज, पंचनामा हा मार्ग आहे. सागरेश्वर अभयारण्याच्या कडेच्या गावांना तो माहीत आहे, तिथं चितळ-सांबर शेतात येतात. आमच्या चोरांसाठी मामांनी अर्ज केला नाही. साळुंकीचा पंचनामा करायला कोणत्या साहेबाला उजाडता बोलवायचं, असं ते म्हणाले.

जाळी धुऊन, गुंडाळून, उंदीर पोचणार नाहीत अशी शेडच्या आढ्याला टांगून ठेवलीय. तारा मात्र एप्रिलच्या खरड छाटणीच्या आधीच ताणून घेतल्या. पुढच्या वर्षासाठी भावकीतल्या चौघांनी ठरवलंय की फळ छाटणी एकाच आठवड्यात उरकायची, म्हणजे कुणाचीच बाग शेवटी उभी राहणार नाही. छाटणीची टोळी मात्र गावात एकच आहे. तिचा पहिला नंबर कुणाच्या बागेत लागायचा यावर दोन बैठका झाल्या. तिसरी मामांच्या ओट्यावर आहे, आणि मामींनी चहाला आधीच नकार दिलाय.